वंगण, रॉकेल, बायोडिझेल : पनवेलच्या रस्त्यावरील तेलाचा इतिहास

पनवेल हे बंदर म्हणून वाढले, घाटाखालचा मुक्काम म्हणून टिकले आणि आज महामार्गांचा सांधा म्हणून ओळखले जाते. या तिन्ही अवस्थांत गावाचे पोट भरले ते मुख्यतः वाहतुकीने. मुंबई बेटावरून देशावर जाणारी माणसे आणि माल खाडीतून होडीने पनवेलच्या बंदरात उतरत आणि तेथून बैल, तट्टू किंवा पालखी करून बोरघाटाची वाट धरत. १७७८ च्या नोव्हेंबरात पुण्यावर चालून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलला उतरूनच घाटाकडे वळली, आणि तिच्या सामानासाठी १९,००० बैल होते असे ग्रँट डफने नोंदवले आहे. हा अवजड लवाजमा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या तहाने त्या मोहिमेचा शेवट झाला. पुढे १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटातून चाकाची गाडी जाऊ शकेल असा रस्ता खुला झाला, तेव्हा बैलाच्या पाठीवरचा माल त्याच्यामागच्या गाडीत आला आणि पनवेलच्या व्यवहारात बैलाइतकेच महत्त्व चाकाला मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॅझेटिअरांनी पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीची चाके बनवण्याच्या धंद्याचा उल्लेख केला आहे, आणि मुंबई-दख्खन रस्त्यावरचा प्रत्येक शेतकरी पनवेलच्या चाकांची एक तरी जोडी आपल्या दारात असावी म्हणून धडपडतो, अशा आशयाची नोंदही त्यांत सापडते. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, आरे म्हणजे त्यातून निघून परिघाला भिडणाऱ्या दांड्या आणि धाव म्हणजे तापवून बाहेरून चढवलेली लोखंडी पट्टी. सुताराने आणि लोहाराने ही तिन्ही अंगे कितीही नेटकी साधली, तरी तुंबा आसावर जेथे घासतो तेथे वंगण नसेल तर चाक आधी करकरते, मग तापते आणि शेवटी आस खाऊन टाकते. हे वंगण गाडीवान स्वतः तयार करीत. एरंडेलात जाळलेल्या चिंध्यांची किंवा गवताची काजळी कालवून ते बांबूच्या नळकांड्यात भरलेले असे आणि ते नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. एरंडेल घट्ट आणि चिकट असते, उन्हाने व घर्षणाने तापले तरी धातूला धरून राहते, आणि काजळीमुळे ते ओघळून जात नाही; दोन घासणाऱ्या भागांच्या मध्ये टिकून राहण्याच्या या गुणाला वंगणशक्ती म्हणता येईल. पुढे दीडशे वर्षांनी, अत्यंत शुद्ध केलेल्या डिझेलमधून नेमका हाच गुण नाहीसा झाला तेव्हा तो परत मिळवण्यासाठी वनस्पतितेलाकडेच वळावे लागले.

ही तेले येत कोठून? कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात तेल गाळण्याच्या धंद्याशी बेने इस्रायल समाजाचे नाव पूर्वापार जोडले गेले आहे. शब्बाथ पाळणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवीत असे, म्हणून आसपासच्या लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले, आणि ज्या गावी ते वसले त्या गावांवरून पनवेलकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे रूढ झाली. पनवेलमधील त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ चे, म्हणजे १८५२ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेपेक्षाही तीन वर्षांनी जुने आहे. घाणा म्हणजे लाकडाची किंवा दगडाची मोठी उखळी. तिच्यात एक जाड लाट तिरपी उभी असते, लाटेला जोडलेले आडवे लाकूड डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर गोल ओढत राहतो, दाणे चिरडले की तेल तळाशी साचते आणि मागे पेंड उरते. कोणत्या तेलाचा उपयोग कशासाठी, याची वाटणी कोकणात फार नेमकी होती: तीळ आणि खोबरे खाण्यासाठी व डोक्याला, एरंडेल औषधाला आणि आसाला, करंजाचे कडू तेल दिव्याला व खरजेवर, आणि किनाऱ्यावर वाढणाऱ्या उंडीच्या फळांचे तेल दिव्याला तसेच होडीच्या लाकडाला. खाण्याचे तेल आणि जाळण्याचे तेल यांतली ही सीमा परवडण्याच्या हिशेबातून आखली गेली होती. एकविसाव्या शतकात इंधनासाठी ‘अखाद्य तेलबियां’चा शोध सुरू झाला, तेव्हा सरकारी अहवालांनी जे वर्गीकरण नव्याने मांडले ते कोकणातल्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेल आले आणि दिव्यांतून करंज-उंडीची हकालपट्टी झाली. रॉकेल हा शब्द इंग्रजीतील ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातले तेल, यावरून आलेला आणि घासलेट हा ‘गॅसलाइट’वरून; एकाच वस्तूला दोन अपभ्रंश मिळाले यावरून ती किती झपाट्याने घरोघर पोचली याची कल्पना येते. त्याआधीच, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे वर चढली होती आणि ती कल्याण-कर्जतमार्गे गेल्यामुळे पनवेल बाजूला पडले होते. चाके बनवण्याचा धंदा लगेच मेला नाही, कारण गाडीरस्ता चालूच राहिला. परंतु मुंबई-पुणे वाहतुकीचा नाका म्हणून पनवेलला जे स्थान होते ते पुन्हा मिळायला मोटारट्रकचे युग उजाडावे लागले.

त्या युगाचे यंत्र जर्मनीत जन्मले. रूडॉल्फ डिझेल याने १८९२ मध्ये ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ठिणगीची योजनाच नव्हती. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी आणि तीत फवारलेले इंधन त्या उष्णतेनेच पेटावे, असे त्याचे तत्त्व होते. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्ग येथे त्याच्या प्रायोगिक इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटले. भारतात हा दिवस जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले असे बहुतेक भाषणांत सांगितले जाते, पण ही दोन घटनांची सरमिसळ आहे. शेंगदाण्याच्या तेलाचा प्रयोग झाला तो १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. आफ्रिकेतील वसाहतींमध्ये भुईमूग मुबलक पिकत असल्यामुळे फ्रेंच सरकारला त्यात रस होता आणि ओटो कंपनीने मांडलेले एक लहान डिझेल इंजिन त्या तेलावर इतके सुरळीत चालले की, डिझेलने स्वतः पुढे १९१२ मध्ये सांगितल्याप्रमाणे, फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आले.

मग वनस्पतितेल मागे का पडले? खनिज तेल स्वस्त होते हे एक कारण, आणि दाटपणा हे दुसरे. शेंगदाणा, करंज किंवा सरकी यांचे तेल ४० अंश सेल्सियसला डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते, त्यामुळे नोझलमधून त्याचे बारीक तुषार न होता जाड थेंब पडतात, ते पुरते जळत नाहीत आणि नोझलच्या टोकाशी कोळशाची पुटे धरतात. या अडचणीवरचा उपाय बेल्जियममधील शावान या संशोधकाने १९३७ च्या पेटंटात मांडला. वनस्पतितेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. अल्कोहोलच्या साहाय्याने त्या साखळ्या कण्यापासून सोडवल्या की ग्लिसरीन वेगळे होते आणि उरलेले पातळ द्रव्य दाटपणात डिझेलच्या जवळ येते. ताडतेलापासून असे इंधन करून १९३८ मध्ये ब्रसेल्स-लूव्हेन मार्गावर बस चालवण्यात आली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच. महायुद्धाच्या काळात इंधनाची टंचाई झाली तेव्हा भारतातही संशोधकांनी देशी वनस्पतितेलांवर डिझेल इंजिने चालवून पाहिली आणि १९४२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. युद्ध संपले, आखाती तेल आले आणि तो विषय बासनात गेला.

महाराष्ट्रात डिझेल इंजिन रस्त्याइतकेच विहिरीवरही रुजले. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात आणि १९४६ पासून पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये तयार झालेली इंजिने शेतकऱ्याच्या मोटेची जागा घेत गेली आणि ‘इंजिन’ म्हणजे पाणी उपसणारे डिझेल इंजिन असाच अर्थ खेड्यात रूढ झाला. १९५४ मध्ये तुर्भे येथे स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये शेजारी माहुल येथे बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, म्हणजे पनवेलच्या खाडीपलीकडेच डिझेल तयार होऊ लागले. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली होती; पुढील दोन दशकांत डिझेलच्या बस आणि ट्रक यांनी पनवेलचा नाका पुन्हा जिवंत केला. पुण्याकडे जाणारा जुना क्रमांक ४ चा राष्ट्रीय महामार्ग पनवेलवरून जातो आणि कोकणात उतरणारा जुना क्रमांक १७, आजचा ६६, पनवेललाच सुरू होतो. त्यात १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराची आणि त्याच सुमारास कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजाराची भर पडली, आणि २००२ मध्ये कळंबोलीपासून पुण्यापर्यंतचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. बोरघाटाच्या वाटेवरची बैल बदलण्याची जुनी जागा आता टायर, नोझल आणि क्लचप्लेट बदलण्याची जागा झाली.

या ट्रकांच्या मागे जो काळा धूर सुटत असे तो जळू न शकलेल्या कार्बनचा होता आणि त्याची कारणे इंजिनात जितकी होती तितकीच डिझेलच्या पिंपात होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये वजनाने १ टक्का, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग, इतके गंधक असू शकत होते. गंधक जळून त्याचा वायू होतो, वायूचे आम्ल होते आणि आम्लाचे बारीक कण काजळीला चिकटून फुप्फुसात जातात. २००५ मध्ये देशभर ही मर्यादा ५०० भागांवर आली. २०१० मध्ये मुंबई, पुणे यांसारख्या तेरा शहरांत ५० आणि उर्वरित देशात ३५० अशी दुहेरी व्यवस्था झाली, जिच्यामुळे पनवेलवरून जाणाऱ्या ट्रकचा धूर कसा असेल हे त्याने टाकी कोणत्या गावच्या पंपावर भरली यावर ठरू लागले. २०१७ मध्ये सर्वत्र ५० आणि एप्रिल २०२० पासून सर्वत्र १० भाग, असा हा उतार आहे. पंचवीस वर्षांत एक हजारपट घट, आणि तीही एका अवाढव्य उद्योगाने केलेली, ही स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासातील दुर्लक्षित कामगिरी आहे.

कारखान्यातून निघालेले डिझेल ट्रकच्या टाकीत पोचेपर्यंत तेच राहते का, हा मात्र वेगळा प्रश्न होता. शिधापत्रिकेवरचे रॉकेल अनुदानामुळे डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होते आणि डिझेलमध्ये बेमालूम मिसळत होते. ते ओळखू यावे म्हणून सरकारने त्याला निळा रंग दिला, आणि रंग पुरेना म्हणून ऑक्टोबर २००६ मध्ये एक रासायनिक खूण, ‘मार्कर’, त्यात घालायला सुरुवात केली, पण दोन-तीन वर्षांतच ती योजना गुंडाळावी लागली. रॉकेलची वंगणशक्ती फार कमी असते. डिझेलच्या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामध्ये वेगळे वंगण नसते, वाहणारे इंधनच ते काम करते. ते पातळ झाले की दट्ट्या घासतो, दाब पडतो, फवारा बिघडतो आणि गाडी ‘धूर मारायला’ लागते. गॅरेजमध्ये मायको कंपनीचा इंधनपंप उघडून कॅलिब्रेशनला बसवणाऱ्या मिस्त्रीला दट्ट्यावरचे उभे ओरखडे पाहून टाकीत काय पडले होते ते सांगता येत असे, आणि हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतके पक्के होते. भेसळीच्या या धंद्याची किंमत नुसत्या पंपांनी मोजली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले.

डिझेलमध्ये दुसरे काही मिसळण्याच्या इतिहासात मिश्रण आणि भेसळ हे दोन शब्द जवळजवळ बसलेले आहेत. दोहोंत रसायनशास्त्र सारखेच चालते. फरक पडतो तो प्रमाण मोजले आहे की नाही आणि ते घेणाऱ्याला सांगितले आहे की नाही, एवढ्यानेच. बायोडिझेलच्या भारतीय कहाणीचे यशापयश याच कसोटीवर तपासणे योग्य ठरते, कारण ती कहाणी सुरू झाली मोजमापाच्या मोठ्या घोषणेने आणि अडकली मोजमापाच्या अभावातच.

घोषणा २००३ ची. योजना आयोगाच्या समितीने एप्रिल २००३ मध्ये दिलेल्या अहवालात मोगली एरंडाच्या लागवडीतून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळता येईल असे चित्र रेखाटले होते. त्याआधी ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के बायोडिझेलच्या मिश्रणावर धावली होती, त्यामुळे इंजिनाबद्दल शंका उरली नव्हती. शंका होती ती झाडाबद्दल, आणि ती कोणी फारशी बोलून दाखवली नाही. मोगली एरंड, ज्याला चंद्रज्योत असेही म्हणतात, महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाला लावला गेला तो गुरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. बांधावर पाण्याशिवाय जगणारे झाड पाण्याशिवाय भरघोस बियाही देईल, हा निष्कर्ष शेतकऱ्याने काढलेला नव्हता, तो कार्यालयात काढला गेला होता. पडीक जमिनीवर लावलेली झाडे जगली पण फळली नाहीत. जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी लिटरला २५ रुपये भावाने बायोडिझेल घेण्याचे धोरण लागू झाले, मात्र त्या भावात बी गोळा करून, गाळून, प्रक्रिया करून तेल देणे कोणालाच परवडत नव्हते. ज्यांनी घरची नाचणी-वरई मोडून ही लागवड केली त्यांचे तेलही गेले, तूपही गेले, आणि धुपाटणेही धड हाती आले नाही. करंज आणि उंडी ही कोकणची आपली झाडे त्या मानाने खात्रीची होती, पण ती फळायला वर्षे लागतात आणि कोणत्याही पंचवार्षिक योजनेपेक्षा त्यांचा हिशेब सावकाश चालतो. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांचे लक्ष्य २०१७ वर ढकलले. २०१८ च्या धोरणाने ते ५ टक्क्यांवर आणून २०३० ची मुदत दिली.

याच काळात बायोडिझेलची गरज वेगळ्याच दाराने आत आली. गंधक काढण्यासाठी डिझेलवर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात, आणि तिच्यात गंधकाबरोबर धातूला चिकटणारी इतर संयुगेही निघून जातात. म्हणजे डिझेल स्वच्छ होते आणि कोरडेही होते. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा गाड्यांचे पंप झिजू लागल्यामुळे हे प्रथम ठळकपणे ध्यानात आले. त्यानंतर वंगणशक्ती मोजण्याची एक चाचणी सर्वमान्य झाली: पोलादाची लहान गोळी डिझेलमध्ये बुडवून पोलादाच्या चकतीवर ठरावीक काळ घासायची आणि गोळीवर पडलेल्या घट्ट्याचा व्यास मोजायचा. भारतीय मानकानुसार हा व्यास ४६० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी, यापेक्षा मोठा चालत नाही. कोरड्या डिझेलमध्ये १ ते २ टक्के बायोडिझेल घातले तरी हा घट्टा लहान होतो. गाडीखालच्या नळकांड्यातले एरंडेल जे करीत होते तेच काम येथे वनस्पतितेलाची सुटी झालेली साखळी करते.

या कामासाठी आणि इतर कामांसाठी डिझेलमध्ये जी द्रव्ये अगदी अल्प मात्रेत घालतात त्यांना पूरके म्हणता येईल. काही पूरके नोझलवरची पुटे धुतात, काही साठवणीत तेल खराब होऊ देत नाहीत, काही थंडीत मेण धरू देत नाहीत. एक जुने आणि उपयोगी पूरक सीटेन वाढवणारे आहे. फवारा उडाल्यापासून तो पेटेपर्यंतचा क्षणभराचा विलंब जितका कमी तितका इंजिनाचा ठोका मऊ आणि धूर कमी; ही पेटण्याची तत्परता सीटेन अंकाने मोजतात. त्यासाठी वापरले जाणारे इथिलहेक्सिल नायट्रेट हे द्रव्य एका अल्कोहोलवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळते, आणि नायट्रिक आम्लाचे एक मोठे उत्पादनकेंद्र पनवेल तालुक्यातच, तळोजा औद्योगिक वसाहतीत, दीपक फर्टिलायझर्सच्या कारखान्यात आहे. नायट्रोजनच्या रसायनांचा या परिसराशी संबंध तसा जुना आहे. पनवेलपासून जवळच रसायनी येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या प्रकल्पातून अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइड जात असे. ट्रकच्या आणि अग्निबाणाच्या ज्वलनाला लागणारे नायट्रोजनचे हे भाऊबंद एकाच परिसरातल्या वसाहतींत तयार व्हावेत, हा भूगोलाचा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मोगली एरंड फसल्यावर बायोडिझेलला कच्चा माल मिळाला तो कढईतून. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते खाण्यास अयोग्य, असा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला, आणि १० ऑगस्ट २०१९ रोजी तेल कंपन्यांनी वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेले बायोडिझेल लिटरला ५१ रुपयांच्या आरंभीच्या भावाने घेण्यासाठी शंभर शहरांत निविदा मागवल्या. हे तेल काळपट असते, त्यात पाणी, पिठाचे कण आणि सुटी मेदाम्ले असतात. आधी ते गाळून, तापवून पाणी उडवावे लागते. मेदाम्ले अधिक असतील तर प्रथम गंधकाम्लाच्या साहाय्याने ती कमी करतात, नाही तर पुढच्या पायरीत टाकीभर साबण तयार होतो. मग तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते साठ अंशांच्या आसपास ढवळत ठेवतात. ढवळणे थांबले की काही तासांत टाकीत दोन थर उभे राहतात: खाली मधासारखे दाट, तपकिरी ग्लिसरीन आणि वर पारदर्शक, पिवळसर बायोडिझेल. वरचा थर पाण्याने धुऊन पुन्हा कोरडा केला की तो भारतीय मानक १५६०७ च्या चाचण्यांना सामोरा जातो.

अशा इंधनाचे गुण आणि दोष दोन्ही ठरलेले आहेत. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते अधिक पुरते जळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये केलेल्या पाहणीत २० टक्के मिश्रणाने काजळीचे कण व कार्बन मोनॉक्साइड प्रत्येकी १० टक्क्यांच्या आसपास घटले, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्क्यांनी वाढली. बायोडिझेल हवेतले पाणी ओढते, आणि कोकणच्या पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत हे पाणी तळाशी साचून त्यावर जिवाणूंची शेवाळी साय धरते. जुन्या गाडीत ते पहिल्यांदा भरले की टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटतो आणि फिल्टर चोक होतो. दोष गाळाचा, पण नाव बायोडिझेलचे खराब होते. आजच्या इंजिनात इंधन हजार-दोन हजार बार दाबाने मिलिमीटरच्या दशांशाएवढ्या छिद्रांतून फवारले जात असल्यामुळे या बाबतीत हयगय चालत नाही.

आणि हयगय झालीच. शंभर टक्के बायोडिझेलवर डिझेलइतका कर नसल्याने ते पंपावर स्वस्त पडते, हे लक्षात येताच महामार्गांच्या कडेला ‘बायोडिझेल’ अशा पाट्या लागू लागल्या आणि त्यांच्या टाक्यांत कित्येकदा वनस्पतितेलाचा अंशही नसलेली औद्योगिक खनिज तेले निघाली. बायोडिझेलच्या विक्रीसाठीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने ३० एप्रिल २०१९ रोजी काढली आहेत. पंपावर ग्राहकाला घनता मोजून मागण्याचा हक्क आहे, पण घनतेने सर्व काही उघड होत नाही: डिझेलची घनता घनमीटरला ८१० ते ८४५ किलो, बायोडिझेलची ८६० ते ९००, आणि रॉकेल डिझेलपेक्षा हलके; त्यामुळे हलके आणि जड तेल एकत्र केले की काट्यावरचा आकडा पुन्हा डिझेलचाच दिसतो. निळ्या रॉकेलच्या काळात भेसळीला मिश्रणाचे नाव घ्यावे लागत नव्हते. आता ते नाव मिळाले, आणि प्रामाणिक उत्पादकाच्या वाट्याला संशय आला.

२०३० च्या ५ टक्क्यांच्या लक्ष्यासमोर देशातील डिझेलमध्ये बायोडिझेलचे प्रमाण अद्याप एका टक्क्याच्याही आत आहे. अडचण तेलाच्या तुटवड्याची जितकी, तितकीच ते गोळा करण्याची आहे. तळणीचे तेल किती आणले, किती वापरले आणि उरलेले कोणाला दिले याची नोंदवही ठेवण्याचे बंधन २०१९ पासून आहे, परंतु ते दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्यांवर आहे. पनवेलच्या एसटी स्थानकाबाहेरच्या वडापावच्या गाडीला ते लागू नाही.